प्रयोजन : लघुशंका

"पाचखेडे साहेब, हे वाचा अन् मले सांगा. यावर मोठ्या साहेबाची सही घेऊ का नको घेऊ?"

तुळशीराम ड्रायव्हरनं जीपचं लॉगबुक माझ्या टेबलावर ठेवलं आणि आत विंचू असल्यासारखा दोन पावलं मागं सरकला. मी चष्मा चढवला. तारीख, वेळ, कोठून कोठे, सगळं नीट भरलं होतं. कार्यालय ते धरणावरचं विश्रामगृह आणि परत, आठ किलोमीटर. त्यापुढच्या रकान्यात लिहिलं होतं, 'प्रयोजन : लघुशंका'. खाली गोल, ठसठशीत सही. वि. डोंगरदिवे, कनिष्ठ अभियंता.

मी पान उलटलं. मागच्या पानावरही तेच. रोज दोन खेपा, एक साडेबाराची, एक चारची. एका ओळीत तर 'प्रयोजन : वरीलप्रमाणे' असं होतं.

"तुळशीराम, तू बोलला नाहीस काही?"

"बोललो ना जी. म्हनलं, बाई, 'साइट' लिवा, सारेच लिवतात. तं त्याईनं मले गाडीतला कागद वाचाले लावला."

गाडीतला कागद म्हणजे मीच काढलेलं परिपत्रक. दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या साडभावाच्या वरातीला आमची जीप गेली आणि वर बोभाटा झाला, तेव्हा मी ते काढून डॅशबोर्डवर चिकटवलं होतं. 'वाहन वापराचे प्रयोजन स्पष्ट, संक्षिप्त व सत्य नमूद करावे.' त्या तीन शब्दांचा मला फार अभिमान होता. आता ते तिन्ही माझ्यासमोर उभे होते.

साल ब्याण्णव. धामणदरा प्रकल्पाच्या पाटबंधारे उपविभागात मी मुख्य लिपिक होतो. मुख्य लिपिक म्हणजे काय, हे ज्यांनी सरकारी कचेरी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. सह्या साहेब करतात. पण सहीचा कागद, सहीची शाई आणि सहीची वेळ मुख्य लिपिक ठरवतो.

डोंगरदिवे मॅडम तीन आठवड्यांपूर्वी रुजू झाल्या होत्या. वय चोवीस, पायात कॅनव्हासचे बूट, आमच्या उपविभागातल्या पहिल्या बाई अभियंता. पहिल्याच दिवशी हजेरीपटावर सही करून त्यांनी मला विचारलं होतं, "पाचखेडे साहेब, महिलांचं स्वच्छतागृह कुठं आहे?"

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे?"

"तशी सोय नाही. पण आजवर कोणत्या महिलेची तक्रारही नाही."

"महिला किती आहेत?"

"एक. टंकलेखिका हिवराळेबाई. अकरा वर्षं झाली त्यांना." आणि मी जरा आवाज चढवून, बाईंच्या कानावर जाईल असं म्हणालो, "दहाला बसतात त्या पावणेसहाला उठतात. मध्ये जागेवरून हलणं नाही. असं माणूस मिळत नाही, मॅडम."

कोपऱ्यात टाइपरायटर खडखडत होता. हिवराळेबाईंनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नकाशांच्या कपाटातून आमच्याच इमारतीचा निळा नकाशा शोधून काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. अभियंता माणूस. नकाशा सोडून कुठं जाणार?

"हे पाहा. हे पुरुषांचं. त्याला लागून हे महिलांचं, सहा फूट बाय चार फूट. चौऱ्याहत्तर सालीच बांधलंय."

"ती लेखनसामग्रीची खोली आहे."

"नकाशात संडास आहे."

"नकाशात असेल. प्रत्यक्षात लेखनसामग्री आहे."

त्या खोलीची किल्ली माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात असे. माझ्या आधीच्या मुख्य लिपिकाच्या खिशातून ती माझ्या खिशात आली होती. कचेरीत कुणालाही साधा कार्बन पेपर हवा असला तरी माझ्यापुढं उभं राहावं लागे, आणि मी उठून, सावकाश जाऊन, कुलूप उघडून, एकच कार्बन पेपर आणून देई. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मॅडमनी रीतसर अर्ज दिला. मी त्यावर लाल शाईनं 'विचाराधीन' लिहिलं आणि तो फाइलला लावला. विचाराधीन म्हणजे विचार बंद, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक असतं. मॅडम नव्या होत्या. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग जीप काढली.

लॉगबुक घेऊन मी बोबडे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. बोबडे साहेब आमचे उपअभियंता. माणूस सज्जन, पण भित्रा. वरून फोन आला तरी खुर्चीतून उठून बोलायचे. त्यांनी ती नोंद वाचली आणि केबिनचं दार लोटून घेतलं.

"पाचखेडे, हा शब्द शासकीय दस्तऐवजात?"

"शुद्धलेखन बरोबर आहे, साहेब."

"अहो, शुद्धलेखनाचं काय घेऊन बसलात! बोलवा त्यांना."

मॅडम आल्या. साहेबांनी पेपरवेट गोल गोल फिरवला. "मॅडम, तुमची अडचण मी समजू शकतो. पण दुसरा काही शब्द नाही का? आता 'स्थळ पाहणी' लिहिलं तर?"

"पाहणी लिहिली की पाहणी अहवाल जोडावा लागतो, सर. जोडू का?"

मला ठसका लागला.

"मग 'तातडीचे काम' लिहा."

"रोज दोनदा तातडी आली तर वरून विचारतील, सर, धरण फुटतंय की काय म्हणून."

"तसं नाही... म्हणजे, घरूनच जर..." साहेब तिथंच थांबले. वाक्य पुढं कुठं जातंय हे त्यांचं त्यांनाच कळलं होतं.

"मी सात वाजता कालव्यावर असते, सर. दहाला इथं येते, सहाला सुटते. अकरा तासांचं घरून कसं करून यायचं? तुम्ही येता?"

साहेबांना मधुमेह होता. सकाळपासून ते तीनदा जाऊन आले होते, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. वरती पंखा कुरकुरत राहिला.

"पाचखेडे," साहेब एकदम म्हणाले, "तुमचं क्वार्टर मागंच आहे ना? नाल्याच्या पलीकडं? उद्यापासून मॅडम तुमच्याकडं जातील. जीप नको, नोंद नको. तोंडी आदेश समजा."

कचेरीचा संडास वाचवायला गेलो आणि घरचा घालवून आलो, असं वाटलं मला. पण आदेश तो आदेश. संध्याकाळी बायकोला सांगितलं. सिंधू म्हणाली, "बाप्पा! पोरगी एवढे दिवस जीपमध्ये बसून धरणावर जात होती? येऊ द्या ना. तिले म्हणा, चहाही घेत जा."

दुसऱ्या दिवशी निघताना मॅडमनी हिवराळेबाईंनाही विचारलं, "बाई, चलता का?" बाईंनी आधी माझ्या टेबलाकडं पाहिलं, मग यंत्राकडं, आणि 'नको' म्हणून मान हलवली. मी मनात म्हटलं, बघा, काम म्हणजे हे.

मॅडम आणि सिंधूचं दोन दिवसांत चांगलंच जमलं. चारच्या खेपेला चहा होऊ लागला, चहाबरोबर शेवया भाजल्या जाऊ लागल्या. मला जरा भीती वाटत होती, ती खरी ठरली. दुसऱ्या संध्याकाळी सिंधूनं ताट वाढलं आणि समोरच बसली.

"तुमच्या हापिसातल्या त्या खोलीत काय आहे हो?"

"कोणत्या?"

"जिची किल्ली तुमच्या खिशात आहे."

"लेखनसामग्री."

"म्हणजे काय काय?"

"कागद, कार्बन, शाई, टाचण्या."

"म्हणजे टाचण्या संडासात बसल्या आहेत, अन् अभियंता झालेली पोरगी आठ मैल हिंडून येते?"

"किलोमीटर," मी दुरुस्ती केली. "आठ किलोमीटर."

सिंधूनं वाटीतलं वरण वाढता वाढता परत पातेल्यात ओतलं. त्या रात्री मला भात कोरडाच खावा लागला.

पण खरं पुढंच होतं. सकाळी मी नेहमीप्रमाणं टमरेल घेऊन परसात गेलो, तर संडासाच्या दाराला कुलूप. चांगलं पितळी, कोठीच्या पेटीचं कुलूप.

"सिंधू! हे कुणी लावलं?"

"मी." ती तुळशीला पाणी घालत होती.

"का?"

"आत सामान ठेवलं. वाळवणाचे रिकामे डबे, जुना स्टोव्ह, तुमच्या मामाची सुटकेस. घरात जागा होत नाही."

"किल्ली दे."

"अर्ज करा."

मी हसलो. ती हसली नाही.

"सिंधू, थट्टा पुरे. मला घाई आहे."

"तुमचा अर्ज विचाराधीन आहे," ती म्हणाली. "अन् या घरात आजवर कोणत्या पुरुषाची तक्रार नाही."

मी टमरेल घेऊन तसाच कचेरीकडं धावलो. चौकीदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन चहाच्या टपरीवर गेला होता. शेवटी कालव्याच्या भरावाकडं वळलो. तिथं बाभळींची बरी दाटी होती. जागा पाहून मी बसणार, इतक्यात पलीकडून माणसांचे आवाज आले. आमचा कालवा निरीक्षक, मागं आठ-दहा शेतकरी. पाण्याच्या पाळीवरून वाद होता म्हणून सकाळीच कालव्याचं दार पाहायला आले होते.

"नमस्कार, पाचखेडे साहेब!" निरीक्षक लांबूनच ओरडला. "तुम्ही आज इकडं कसे?"

माझ्या हातात टमरेल. दहा माणसं बघतायत. मी म्हणालो, "स्थळ पाहणी."

त्याच क्षणी मला शहाणपण आलं, असं सांगायला मला आवडलं असतं. आला तो राग. सिंधूचा आला, मॅडमचा त्याहून जास्त आला. माझी कचेरी, माझं परिपत्रक, माझं घर, सगळं या तीन आठवड्यांच्या पोरीनं उलटंपालटं केलं होतं. सिंधूनं तासाभरानं कुलूप काढलं, पण मी काही तिच्याशी बोललो नाही. डबा न घेताच कचेरीत गेलो.

आणि नेमकं त्याच दिवशी पत्र आलं. शनिवारी अधीक्षक अभियंता वार्षिक तपासणीला येणार. तपासायच्या नोंदवह्यांची यादी जोडली होती. तिसऱ्या क्रमांकावर लॉगबुक.

बोबडे साहेबांच्या कपाळावर घाम आला. "पाचखेडे, ती पानं..."

"पानांना क्रमांक आहेत, साहेब. फाडता येत नाहीत."

"मग आपण कारवाई केली असं तरी दिसलं पाहिजे. ज्ञापन काढा त्यांना. शासकीय वाहनाचा खासगी वापर. कडक लिहा." मग आवाज खाली आला. "परिवीक्षेत आहेत त्या. वाईट वाटतं. पण काय करणार?"

परिवीक्षेतल्या माणसाला ज्ञापन मिळालं म्हणजे काय होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. नोकरी कायम होत नाही. क्वचित जातेही. मला त्या दिवशी वाईट वाटलं नाही. मी जागेवर येऊन बसलो आणि एका दमात मसुदा लिहिला. फार छान उतरला होता. शेवटचा परिच्छेद तर मी दोनदा वाचला. 'या कार्यालयातील अन्य महिला कर्मचाऱ्यांची अकरा वर्षांत कोणतीही तक्रार नसताना, केवळ आपणच...' त्यातला 'आपणच' मला विशेष आवडला.

मसुदा हिवराळेबाईंकडं दिला. "तीन प्रती. आत्ता."

टाइपरायटर सुरू झाला. मी आवक नोंदवही ओढली. खडखड, खडखड, घंटी, ओढ. खडखड, खडखड. मग थांबला.

बाईंचा टाइपरायटर मध्येच थांबत नसे. मी वर पाहिलं. हिवराळेबाई उभ्या होत्या.

"काय झालं? रिबन संपली?"

"नाही."

"मग?"

"हे वाक्य."

"व्याकरण चुकलं का?"

"व्याकरण बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "खोटं आहे."

आमच्या कचेरीत सात माणसं बसत. सातही पेनं थांबली. पाळीच्या वादामुळं मॅडम त्या दिवशी अजून कालव्यावरच होत्या.

बाई माझ्या टेबलापाशी आल्या. बुटक्या, किडकिडीत, कपाळावर आडवी आठी. इतक्या जवळून त्यांना उभं मी कधी पाहिलंच नव्हतं. "अन्य महिला कर्मचारी म्हणजे मीच ना, साहेब?"

"हो. तुम्हीच."

"मला कुणी विचारलं?"

"पण तुम्ही कधी तक्रारच केली नाही, बाई."

"सकाळी सहाला मी अर्धा कप चहा घेते," बाई म्हणाल्या. टाइप करताना मजकूर पुटपुटावा तशा त्या बोलत होत्या, एका सुरात. "त्यानंतर पाणी नाही. एसटीत नाही, इथं नाही. संध्याकाळी सातला घरी पोचले की पिते. मे महिन्यातसुद्धा. अकरा वर्षं. माझ्या रजेची फाइल काढा."

"आत्ता?"

"आत्ता काढा."

मी काढली. वर्षानुवर्षं तिच्यातला प्रत्येक कागद माझ्या हाताखालून गेला होता. वैद्यकीय प्रमाणपत्रात मी दोनच गोष्टी पाहत असे, डॉक्टरचा शिक्का आणि तारखा. मधली ओळ मी कधी वाचली नव्हती. आता वाचली. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. परत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. अठ्ठ्याऐंशी साली मूतखड्याची शस्त्रक्रिया, एकतीस दिवस. पुन्हा संसर्ग. एकूण नऊ प्रमाणपत्रं. त्या एकतीस दिवसांच्या अर्जावर कडेला लाल शाईत, माझ्या अक्षरात शेरा होता, 'वारंवार आजारी पडण्याची सवय दिसते.'

"तुम्ही सांगायचं होतं, बाई," मी म्हणालो.

"सांगायला आले होते. पहिल्याच महिन्यात. नवऱ्याच्या जागी लागले होते, पोरं लहान होती. धीर करून उठले, या टेबलापर्यंत आले. तुम्ही तेव्हाच्या साहेबांना सांगत होतात, बाई ठेवावी तर अशी, जागची हलत नाही." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "मी परत जाऊन बसले."

मी उठून खुर्ची पुढं केली आणि म्हणालो, "बसा, बाई."

"नको," हिवराळेबाई म्हणाल्या. "आता जरा उभीच राहते."

मसुद्याची घडी करून मी ती खिशात ठेवली. त्याच खिशातून किल्ली काढली. त्यानंतर काय करायचं ते मला एकदम सुचेना, म्हणून मी तसाच मागच्या पडवीत जाऊन त्या दारासमोर उभा राहिलो. दारावर माझ्या हातची पाटी होती, 'लेखनसामग्री भांडार. परवानगीशिवाय प्रवेश नाही.' पाटीचे खिळे काढले. खाली जुन्या ऑइलपेंटमध्ये अक्षरं होती. फिकट, पण वाचता येत होती. 'महिला'.

मॅडम कालव्यावरून आल्या तेव्हा मी, तुळशीराम आणि दोन लिपिक धूळ खात सामान बाहेर काढत होतो. ज्या खजिन्यावर मी बारा वर्षं बसलो होतो, त्यातले निम्मे कागद वाळवीनं खाल्ले होते. कार्बन पेपर एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. टाचण्या गंजून डबीत एकच टाचणी झाल्यासारख्या दिसत होत्या. सगळ्यात खाली, संडासाच्या भांड्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर एक खोकं निघालं. त्यात पितळी नळ. सतरा. कोरे करकरीत.

मॅडमनी एक नळ उचलून फिरवून पाहिला. "पाचखेडे साहेब, चार हजार हेक्टरला पाणी देतो आपण."

"हो, मॅडम."

"आणि इथं नळ नव्हता."

"होता," तुळशीराम म्हणाला. "खोक्यात होता."

मॅडम हसायला लागल्या. मग आम्ही सगळेच हसलो. मी जरा उशिरा हसलो. टाकीपासून जोडणी करायला दुसरा दिवस गेला. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आधी खरखर आवाज आला, मग तांबडं पाणी आणि मग स्वच्छ. हिवराळेबाईंची उठायची वेळ पावणेसहाची, पण त्या पाचलाच उठल्या. आत गेल्या, बाहेर आल्या, हात पुसत जागेवर येऊन बसल्या आणि राहिलेलं पत्र पुरं केलं. आम्ही सगळे आपापल्या फाइलीत फार गढून गेलो होतो.

"ज्ञापनाचं काय झालं?" बोबडे साहेबांनी विचारलं.

"टाइप झालं नाही, साहेब."

"का?"

"टंकलेखिका उठल्या."

साहेबांना काही उमगलं नाही.

शनिवारी अधीक्षक अभियंता राजूरकर आले. धिप्पाड, जाड भुवया, आणि हसतात की रागावतात हे शेवटपर्यंत कळू न देणारा चेहरा. त्यांनी दोन नोंदवह्या पटापट चाळल्या आणि तिसरी उघडली. साहेब उभे, मी उभा, मॅडम उभ्या.

"लघुशंका," राजूरकर साहेबांनी मोठ्यानं वाचलं. पान उलटलं. "लघुशंका. लघुशंका. वरीलप्रमाणे." त्यांनी वही मिटली. "बोबडे, या शंकेचं निरसन कार्यालयीन स्तरावर का झालं नाही?"

बोबडे साहेबांनी रुमाल काढला. "साहेब, मॅडम नवीन आहेत, त्यांना नियमांची तेवढी..."

घरून निघताना सिंधूनं विचारलं होतं, काय बोलणार आहात? मी म्हणालो होतो, बघू. आता मी एक पाऊल पुढं झालो.

"साहेब, मॅडमनी नियमच पाळला. परिपत्रक माझं आहे. खोली होती, पण कुलूप माझं होतं. त्यांचा अर्ज मी दाबून ठेवला."

बोबडे साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी जीपखाली उडी टाकली होती.

"होतं म्हणजे? आता नाही?"

"परवा काढलं, साहेब."

राजूरकर साहेब उठले, मागच्या पडवीत गेले, दारावर टकटक केली, मग आत जाऊन नळ सोडला, बंद केला, परत सोडला. धरणाच्या दारांची तपासणी करताना करतात तशी. जागेवर येऊन त्यांनी शेरा लिहिला. मॅडमबद्दल एक ओळ होती, 'नोंदी स्पष्ट, संक्षिप्त व सत्य आहेत.' माझ्याबद्दल चार ओळी होत्या आणि शेवटी, 'मुख्य लिपिकास ज्ञापन द्यावे.' ते हिवराळेबाईंनी सोमवारी टाइप केलं. एकही चूक नव्हती. त्या वर्षी माझी बढती थांबली. मॅडम पुढं वर्षानं कायम झाल्या.

पण मला खरं कळलं ते त्यानंतर आठ-दहा दिवसांनी.

पाणी मागणीचे अर्ज घ्यायचा दिवस होता. दरवर्षी अर्जांत पाच-पन्नास बायकांच्या नावची शेती असे. त्यातल्या बहुतेकींचे दीर, जावई येत. एखादी स्वतः आलीच तर दारातूनच घाई करी. 'लवकर करा जी, जाऊ द्या जी.' दाखवू तिथं अंगठा उठवी आणि निघून जाई. मला वाटायचं, घरी चूल असेल, पोरं असतील. बायकांना घाईच असते, असा माझा समज होता.

त्या दिवशी खिरपाणीच्या सगुणाबाई भटकर आल्या. वय सत्तरीच्या पुढं, हातात काठी, कमरेला पिशवी. त्यांचं रान कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. तीन पाळ्या झाल्या, त्यांच्या बांधापर्यंत पाणी पोचलं नव्हतं. दारातून त्या काही म्हणणार, तोच हिवराळेबाई उठल्या आणि त्यांना मागच्या पडवीत घेऊन गेल्या. पाच मिनिटांनी म्हातारी परत आली ती तोंड-हात-पाय धुऊन. सरळ बोबडे साहेबांच्या केबिनमध्ये शिरली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"साहेब, माह्यं पानी कुठं जाते?"

साहेबांनी पाळीपत्रक सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग वरच्या अंगाला कोण कोण रात्री दारं उचलतं, ते नावांसकट सांगितलं. साहेबांनी कालवा निरीक्षकाला बोलावलं. निरीक्षक म्हणाला, असं काही नाही. तिनं त्याला तारखा सांगितल्या. मॅडम नकाशा घेऊन आल्या. नकाशावर बोट ठेवून म्हातारीनं विचारलं, "हे माह्यं वावर आहे ना? मंग हे निळं रेघाटनं इथवर येते, अन् पानी काऊन येत नाही?"

तास झाला. दीड तास झाला. बाहेर आणखी दोन बायका येऊन बाकावर बसल्या होत्या, आणि त्याही उठायचं नाव घेत नव्हत्या.

"आजी," साहेब काकुळतीला येऊन म्हणाले, "तुमची साडेतीनची एसटी चुकेल. पुढच्या आठवड्यात या ना."

"चुको," सगुणाबाई म्हणाल्या. "साडेपाचाची आहे."

साहेबांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. "पाचखेडे, हे सगळं तुमच्या त्या खोलीमुळं बरं का!"

मी चहा सांगितला, तीन कप. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. म्हातारीनं बशीत चहा ओतला, फुंकर घालून सावकाश प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हं. आता पयल्या पाळीपासून सांगतो, लिवून घ्या."